मागीलदारचा नवरंग आणि मामंजींचा खराटा

काका, नमस्कार.
दोन वर्षांपूर्वी आम्ही डोंबिवली सोडून सासरच्या घरी, गुहागरजवळच्या एका वाडीत राहायला आलो. मागीलदारी फणस, दोन रातांबे, केळी, थोड्या पोफळी, शेवटी दगडांचा गडगा आणि पलीकडे झाडी. मृगाचा पाऊस लागला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून पहाटे आणि तिन्हीसांजेला एक शीळ ऐकू येते. दोनच सूर, पण खणखणीत. मागच्या आठवड्यात पक्षी एकदाच दिसला, केळीच्या बुंध्याशी. पाठ हिरवी, पोट फिकट बदामी, डोळ्यावरून काळा पट्टा, शेपटीखाली लालभडक आणि शेपूट जवळजवळ नाहीच. उडाला तेव्हा निळं चमकलं. शेजारच्या वहिनी म्हणतात खंड्या असेल. मी बाजरी आणि कण्या ठेवल्या, तर नुसते होले आणि मुनिया आल्या. भाचा म्हणतो, मोबाईलवर त्याचा आवाज लावला की तो पुढ्यात येतो. मामंजी म्हणतात, पाखराच्या नादाने मागीलदारी साप-किरडू आणशील. हा पक्षी कोण, आणि तो रोज दिसावा म्हणून मी काय करू? सोबत आवाजाचं रेकॉर्डिंग पाठवते आहे.

*

मला काका म्हटलंस, तेव्हा अहो-जाहो बाजूला ठेवतो.

तुझा पाहुणा नवरंग आहे. शेपूट तोकडं, शेपटीखाली लाल, डोळ्यावर काळा पट्टा, हे तिन्ही एकत्र जमलेला दुसरा पक्षी आपल्याकडे नाही. वहिनींचाही फार दोष नाही. नवरंगाच्या खांद्यावर आणि पाठीच्या शेवटी निळा तुकडा असतो आणि उडताना तोच आधी डोळ्यांत भरतो. पण खंड्याची चोच लांब आणि जाड, तो तारेवर नाहीतर फांदीवर बसून खाली नजर लावतो. तुझा पक्षी केळीच्या बुंध्याशी, जमिनीवर होता. पुढच्या वेळी रंगांच्या आधी तो कुठे आहे आणि काय करतोय ते बघ, पक्षी निम्मा तिथेच ओळखू येतो.

अंगाने बुलबुलाएवढा, पण बुलबुलाचं शेपूट कापून टाकावं आणि पाय थोडे लांब करावे तसा. डोक्यावर मधोमध काळी रेघ, तिच्या दोन्ही बाजूंना तपकिरी पट्टे, भुवई बारीक पांढरी, गळा पांढरा. नर-मादी दिसायला सारखे, त्यामुळे 'हा' की 'ही' या फंदात पडू नकोस. नावात नऊ रंग आहेत म्हणून मी एकदा मोजायला बसलो होतो. हिरवा, निळा, काळा, पांढरा, बदामी, तपकिरी, लाल, सातावर गाडी अडली. पायांचा गुलाबी आणि चोचीचा धरला तर नऊ भरतात. पण ज्याने नाव ठेवलं तो मोजत बसला नसणार.

एवढे रंग अंगावर असून तो दिसत का नाही, हा प्रश्न तुला पडला असेलच. कारण तो आपल्याकडे पाठ करून असतो आणि पाठ हिरवी. पावसाळ्यात फणसाखाली दुपारीसुद्धा तिन्हीसांज असते, त्यात ती पाठ कुठल्याही पानासारखी दिसते. लाल आणि बदामी सगळं खालच्या बाजूला. तुला एवढ्या लवकर दिसला, हे नशीब समज. आमच्या वाडीत जन्म काढलेली माणसं आहेत, त्यांनी शीळ शंभर वेळा ऐकली आहे आणि पक्षी एकदाही पाहिलेला नाही.

शिळेबद्दल एक गोष्ट सांगतो, ती बहुतेकांना माहीत नसते. तो खातो जमिनीवर, पण शीळ घालतो झाडावरून. आपण आवाजाच्या दिशेने जमीन धुंडाळत बसतो आणि हा डोक्यावर पंधरा-वीस फुटांवर फांदीला चिकटून असतो. शीळ घालताना मान मागे टाकतो, चोच आभाळाकडे, आणि मग ते दोन सूर, पहिला चढा, दुसरा उतरता. वेळही ठरलेली, उजाडताना आणि मावळताना. तमिळमध्ये याला 'आरुमणि कुरुवी', म्हणजे सहा वाजताचा पक्षी म्हणतात. पाऊस भरून आला तर मात्र भर दुपारीही सुरू होतो.

कोकणात सकाळी शीळ घालणारे बरेच असतात, म्हणून सांगतो. शीळकरी कस्तुराचं गाणं लांबलचक, एखादा मुलगा वाटेने जाताना मनाला येईल ते शिळेवर वाजवत जातो तसं, आणि तो ओढ्या-वहाळाच्या काठाचा. दयाळ काळा-पांढरा, तो घराच्या कौलावरसुद्धा येऊन गातो आणि दर वेळी काहीतरी वेगळं म्हणतो. नवरंगाकडे मात्र ते दोन सूरच. शास्त्रज्ञ तर त्याला गाणाऱ्या पक्ष्यांच्या खऱ्या शाखेत धरतच नाहीत, शेजारच्या शाखेत बसवतात. तिथले बहुतेक पक्षी गाणं शिकत नाहीत, जन्मतःच घेऊन येतात. मला विचारशील तर दोन सुरांत एवढा पाऊस उभा करणाऱ्याला शाखा कुठली हे विचारू नये.

आता तुझं रेकॉर्डिंग. चार वेळा ऐकलं. सुरुवातीला सहा-सात वेळा शीळ आहे, अगदी जवळून. मग मागे कुठेतरी खर्र, खर्र, खर्र सुरू होतं. शीळ एकदा येते, लांबून. नंतर शेवटपर्यंत नुसतं खर्र खर्र.

हा खराटा आहे ना? मामंजी पहाटे उठून मागीलदार झाडतात, बरोबर?

तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्या खराट्यात आहे. नवरंग दाणे खात नाही. बाजरी ठेव, कण्या ठेव, उद्या काजूगर ठेवलेस तरी तो ढुंकून बघायचा नाही. त्याचं जेवण म्हणजे गांडूळ, अळ्या, वाळवी, भुंगेरे, बारक्या गोगलगाई, आणि हे सगळं राहतं पातेऱ्याखाली, म्हणजे गळून साचलेल्या पानांखाली. मामंजी रोज पहाटे जो पातेरा गोळा करून न्हाणीच्या चुलीत घालतात, ते त्या पक्ष्याचं वाढलेलं ताट आहे. आणि उचलतात तेही नेमकं त्याच्या न्याहारीच्या वेळी.

तो खातो कसा, हे पाहिलंस तर मी काय म्हणतो ते पटेल. गेल्या पावसाळ्यात आमच्या मांगराच्या दाराआड मी अर्धा तास बसलो होतो. नवरंग आला, दोन टुणक उड्या मारल्या आणि थांबला. मान तिरकी करून खाली बघितलं. फणसाचं एक कुजकं पान चोचीने काठाला धरलं आणि बाजूला भिरकावलं, आपण पत्त्याचं पान टाकतो तसं. खाली काही नव्हतं. परत दोन उड्या, परत एक पान. तोकडं शेपूट मात्र सारखं हळूहळू वरखाली. पाचव्या की सहाव्या पानाखाली गांडूळ निघालं. त्याने टोक पकडलं आणि पाय रोवून मागे ओढत राहिला, गांडूळ ताणलं गेलं, सुटलं, आणि हा मागच्या मागे बसता बसता सावरला. झाडलेल्या, सारवलेल्या जमिनीवर त्याने कुठलं पान उलटायचं?

म्हणजे तुला काही आणायचं नाही की बांधायचं नाही. फक्त मागचा एक पट्टा झाडणं सोडायचं आहे. आणि त्यासाठी मामंजींची समजूत काढायची आहे, जे अधिक अवघड.

त्यांचं म्हणणं उडवून लावू नकोस. पातेऱ्यात फुरसं बसतं, हे खरं आहे. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात तर ही भीती पोकळ अजिबात नाही. तेव्हा तह कर. पुढचं खळं, घराच्या भोवतालचा भाग, विहिरीची आणि न्हाणीची वाट, हे सगळं त्यांनी नेहमीसारखं लख्ख झाडावं. गडग्यापासून आत दहा-बारा पावलं, फणस आणि रातांब्यांच्या सावलीचा पट्टा तेवढा सोडावा. तिथे पातेऱ्याचा ढीग करायचा नाही. चार बोटं जाडीचा पसरलेला राहू दे. ढिगाच्या पोटात काय आहे ते कळत नाही, पसरलेल्यावर निदान नजर फिरते. त्या पट्ट्यात अनवाणी जायचं नाही, हात घालायचा नाही, अंधार पडल्यावर गेलीसच तर बूट आणि बॅटरी. नवरंग बघायला तसंही आत जायची गरज नाही, लांब बसलं तरच तो येतो.

आणि मामंजींना हेही सांग की किरडू आणायची खरी सोय तू आधीच केली होतीस, ती बाजरीची वाटी. दाण्याला उंदीर येतात, उंदरामागे धामण आणि नाग. ती वाटी आजच उचल. म्हणजे तह करताना तुझ्याकडूनही काहीतरी सोडल्यासारखं होईल.

राहिला चुलीचा प्रश्न. न्हाणी तापवायला पातेरा लागतोच, त्यावर वाद नको. काजूची झाडं असतील तर तो पातेरा खुशाल जाळा. काजूचं पान चिवट, कुजायला फार वेळ लावतं. नारळाची सोडणं आणि झावळ्याही चुलीतच जाऊ देत. उघड्यावर उताणी पडलेली सोडणं तर पावसाळ्यात डासांची पाळणाघरं होतात. फणसाचा, रातांब्याचा, केळीचा पातेरा तेवढा जमिनीला ठेवा. केळीचा घड उतरवल्यावर खोड तोडता ना? त्याचे हात-हात लांबीचे तुकडे त्या पट्ट्यात आडवे टाकून ठेव. महिनाभरात त्यांच्याखाली जे जमतं ते बघून तू किंचाळशील आणि नवरंग जेवेल.

ग्रासकटर वर्षभर फिरवा, पण जून ते सप्टेंबर तो पट्टा आणि गडग्याकाठची झुडपं वगळा. करवंदाची जाळी, दिंडा, कुडा, जे काही आपसूक उगवलंय ते राहू दे, मुद्दाम रोपं विकत आणायची काही गरज नाही. गडग्यालगत तणनाशक मारायची एक नवी खोड सगळीकडे लागली आहे, ती तेवढी टाळा. आंब्याची फवारणी मोहोराच्या दिवसांत होते, तेव्हा नवरंग इथे नसतो. तणनाशक मात्र ऐन पावसाळ्यात, त्याच्या ताटातच पडतं.

मांजर असल्याचं लिहिलं नाहीस, पण कोकणातलं घर आणि मांजर नाही असं मी अजून पाहिलेलं नाही. जमिनीवर खाणाऱ्या पक्ष्याला मांजराइतका मोठा शत्रू नाही. उजाडण्याआधी आणि तिन्हीसांजेला तिला आत घेऊन दूधभात घाल आणि तासभर दार लावून ठेव.

भाच्याला मात्र ठाम नाही म्हण. मोबाईलवर आवाज लावला की पक्षी येतो, हे खरं आहे. पण येतो तो आपल्या हद्दीत दुसरा कोणी घुसला म्हणून भांडायला. हे दिवस त्याच्या विणीचे आहेत. खाणं सोडून, घरटं सोडून तो नसलेल्या शत्रूला शोधत फिरणार, ते भाच्याच्या एका फोटोसाठी. जंगलात मोठमोठ्या कॅमेऱ्यांची माणसंसुद्धा हा उद्योग करतात, म्हणून तो बरोबर ठरत नाही. भाच्याला एवढीच हौस असेल तर पावसाळ्याच्या सुरुवातीला पनवेलजवळच्या कर्नाळा अभयारण्यात पहाटे जाऊ दे, मोबाईल खिशात ठेवून.

घरट्याचंही तसंच. ते तुला सहसा दिसणार नाही, दिसलं तरी घरटं वाटणार नाही. काटक्या, मुळं, वाळकी पानं यांचा कोहळ्याएवढा गोळा, बाजूने दार, कधी जमिनीवर तर कधी झाडाच्या बेचक्यात, वाऱ्याने अडकलेला कचरा असावा तसा. त्यात चार-पाच पांढरी, ठिपक्यांची अंडी. असा गोळा नजरेला पडलाच तर तिथून मागे फिर, फोटो काढू नकोस आणि वाडीच्या ग्रुपवर तर अजिबात टाकू नकोस. पुढे कधी मळकट रंगाचं, आखूड शेपटीचं पिल्लू जमिनीवर एकटं दिसलं तर उचलून घरात आणू नकोस. आई-बाप जवळच असतात. पाळायचा विचार कुणी बोलून दाखवलाच, तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा आहे, एवढं पुरे.

पाण्याचं काम आत्ता नाही, पुढच्या मे महिन्यात आहे. नवरंग आपल्याकडे मेच्या अखेरीस, पावसाच्या थोडा आधी पोचतो, तेव्हा वहाळ आटलेले असतात. मातीचा पसरट परळ जमिनीवरच ठेव, पाणी दोन बोटांपेक्षा खोल नको, मधे एक खडबडीत दगड. झुडपापासून सहा-सात फूट उघड्यावर ठेव, म्हणजे मांजर आडोशाने अंगावर यायची नाही. पाणी दोन-तीन दिवसांनी ओतून परळ घासायचा, नाहीतर डास होतात.

पोचतो म्हणालो, त्यावरून एक सांगायचं राहिलं. हा पक्षी हिवाळा दक्षिणेत काढतो, पार श्रीलंकेपर्यंत जातो, आणि प्रवास रात्री करतो. आमच्या पडवीला काही वर्षांपूर्वी आम्ही मोठ्या काचेच्या खिडक्या बसवल्या. मेचा शेवट, घरात पाहुणे, पडवीतले दिवे रात्रभर चालू. सकाळी खिडकीखाली नवरंग पडलेला होता, अजून कोमट. खांद्यावरचा तो निळा मी इतक्या जवळून पहिल्यांदा पाहिला, आणि तसा पाहायला नको होता. तेव्हापासून मेच्या मध्यापासून महिनाभर पडवीचा दिवा रात्री नऊला बंद होतो आणि काचेवर बाहेरून जुनी मच्छरदाणी ताणलेली असते. दिसायला वाईट दिसते. पाहुणे विचारतात, मी सांगतो.

तुझ्याकडे कधी असा धडकलेला पक्षी सापडला आणि जिवंत असला, तर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात मऊ फडकं घालून ठेव, झाकण लाव आणि अंधाऱ्या, शांत जागी तासभर सोड. चोचीत पाणी ओतायचं नाही, उघडून उघडून बघायचं नाही. बहुतेक वेळा भोवळ उतरते. मग झाडीजवळ नेऊन खोकं उघड, आपणहून जातो. रात्र असेल तर सकाळपर्यंत थांब. पंख लोंबत असेल तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन कर.

ऑक्टोबरच्या सुमारास शीळ थांबलेली असेल आणि एक दिवस लक्षात येईल की तो गेला. तेव्हा मामंजी म्हणतील, आता झाडू का? त्यांना थोडं थांबव. तोच पट्टा दयाळ आणि सातभाई वर्षभर वापरतात. नारिंगी डोक्याचा एक कस्तूरही आपल्याकडे आहे, पांढऱ्या गालावर दोन काळ्या उभ्या रेघा, तोही असाच पानं उलटत फिरतो. जानेवारीत पातेऱ्यात खसफस ऐकलीस तर नवरंग परत आला म्हणून मला पत्र लिहू नकोस, आधी गालावरच्या रेघा बघ.

आणि रेकॉर्डिंग पुन्हा कर. त्याच जागेवरून, पहाटे, पट्टा झाडणं थांबवल्यावर पंधरा दिवसांनी. मामंजींनाच मोबाईल धरायला दे. त्या वेळेला ते तसेही उठलेले असतात.